वर कोण चढलंय?

आमच्या वस्तीत लाईट गेली की ती माझी असते, आणि आली की सरकारची.

लग्न होऊन इथं आले तेव्हापासून हे ऐकतेय. नवी नवरी सबस्टेशनात ऑपरेटर आहे हे कळल्यावर पहिल्याच आठवड्यात नळावर एक बाई म्हणाली, "तुमची लाईट काल सारखी जात व्हती बगा." माझी लाईट! जशी काही मी ती रुखवतात मांडून आणली होती. तेव्हा लाजून गप्प बसले. आता बसत नाही. आता म्हणते, "रुसली असेल, घालते समजूत." बायका हसतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच म्हणतात.

आमची वस्ती भाजे गावाच्या पुढं, लोहगडाच्या अंगाला. सबस्टेशन खाली रस्त्याच्या कडेला, तारेच्या कुंपणात. बाहेरून बघणाऱ्याला नुसते खांब आणि गुणगुणणारी यंत्रं दिसतात. मोठ्या मनोऱ्यांवरून लांबून आलेली वीज आमच्याकडं येते, तिचा जोर आम्ही कमी करतो आणि गावोगावच्या लाइनींवर सोडतो. त्या प्रत्येक लाइनीला फीडर म्हणतात. पुढं गावात दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला सगळे डीपी म्हणतात. डीपी तो जोर आणखी उतरवते, मग ती घरातल्या बल्बला सोसते. माझ्या खोलीत प्रत्येक फीडरचं एक पॅनल आहे. लाइनीवर फांदी पडली, तार तुटली, की धाडकन आवाज होऊन त्या पॅनलचा ब्रेकर आपोआप पडतो. मग मी वायरमनला फोन करते, तो शोधायला निघतो. मी दिवसभर बटणं दाबत बसते असं लोकांना वाटतं. खरं सांगू? या नोकरीचा अर्धा भाग बटण न दाबण्याचा आहे.

हे आत्याबाईंना कधी पटलं नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर लोणावळ्याच्या वर, एका धरणाच्या तळ्याच्या काठाला. त्या तळ्याचं पाणी मोठमोठ्या नळांतून घाट उतरतं, पायथ्याला जाऊन चाकं फिरवतं आणि त्याची वीज होते, हे त्यांना पोरवयापासून ठाऊक. घरात मात्र रॉकेलची चिमणी. "पानी आमचं खाली गेलं, तितं त्याची लाईट झाली, अन ती तशीच म्हमईला गेली," असं त्या सांगायच्या. "आमच्याकडं वर यायला तिला चढ लागत व्हता." लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा दारावर एक पिवळा बल्ब होता. पहिल्या संध्याकाळी त्यांनी तो इतक्या वेळा लावला आणि विझवला की त्यांच्या सासूनं पाठीत धपाटा घातला. ही गोष्ट सांगताना त्या अजून पाठ चोळायच्या.

म्हातारपणी त्यांची छाती गेली. आधी चुलीचा धूर, मग ती साथ. साथीतून वाचल्या, पण फुप्फुसं पहिल्यासारखी झाली नाहीत. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. लहान कपाटाएवढं ते मशीन हवा ओढतं, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करतं आणि नळीतून नाकात सोडतं. त्याच्यासाठी जागा करायला आम्ही लोखंडी कपाट सरकवून पलीकडच्या भिंतीला लावलं. मशीन दिवसरात्र घुरघुर करायचं, आणि त्याला लाईट लागायची.

म्हणजे ज्या फीडरवर मी लक्ष ठेवते त्याच फीडरवर माझ्या सासूचा श्वास. घरातून निघताना मी मशीनकडं बघायचे आणि कामावर पोचले की आधी त्या पॅनलकडं. यात प्रेम किती आणि धास्ती किती, मला वेगळं करून सांगता यायचं नाही.

लाईट गेली की आत्याबाईंचा फोन ठरलेला. "गेली बग तुजी." मग वायरमनचा उद्धार. "कुटं मेलाय त्यो मुडदा? हितं माजा जीव चाललाय." जीव जायचा नाही, भरलेली टाकी घरात असायची, ती लावली की दोन-चार तास निघायचे. पण शिव्या देताना त्यांचा दम बरा चालायचा हे मी पाहिलंय. आणि लाईट आली की त्याच तोंडानं, "सुकी ऱ्हा रं बाबा."

हा वायरमन म्हणजे आमचे भाऊ. भाऊंनी मावळातला एकेक खांब पायाखाली घातलाय. बोलणं संथ, चालणं संथ, पावसात तर एखादा माणूस चिडेल इतके संथ. मी चिडायचेच. "भाऊ, जरा पाय उचला की!" "ताई, पाय उचलला तर हात घसरतो," हे त्यांचं उत्तर.

लाइनीवर चढायच्या आधी त्यांना माझ्याकडून परमिट घ्यावं लागतं. ते फोन करून सांगतात, अमुक फीडर बंद करून द्या. मी ब्रेकर बंद करते, तो ज्या चाकांच्या गाड्यावर असतो तो गाडा पॅनलमधून बाहेर ओढते, कुलूप घालते, वर पाटी लावते: माणसं काम करत आहेत. मग त्यांना सांगते, दिलं परमिट. पुढं ते स्वतः खाली उतरून, स्वतःच्या तोंडानं "परत घ्या" म्हणेपर्यंत ती लाईन त्यांची. साहेब सांगोत, सरपंच सांगोत, त्यांची बायको येऊन सांगो. ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं, त्याच्या आवाजात. कुलपाची किल्ली मी ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधते. मला राग पटकन येतो, उठून काहीतरी करावंसं वाटतं. उठले की ती गाठ कोपराला लागते आणि मी पुन्हा बसते.

तो श्रावणातला रविवार होता. पावसाची झड लागलेली, डोंगर ढगात, आणि रस्त्यावर अख्खं पुणं आणि मुंबई लोटलेली. पावसाळ्यात रविवारी आमच्याकडं भाज्याचा धबधबा, लेणी, गड, सगळीकडं माणूसच माणूस. मळवलीपासून गाड्यांची जी रांग लागते ती मुंगी शिरू देत नाही. आम्ही वस्तीतले लोक रविवारी आजारीसुद्धा पडत नाही. नवरा तळेगावच्या कारखान्यात पाळीवर, तिथं फोन बाहेर ठेवायला लावतात. आत्याबाईंची ऑक्सिजनची टाकी आदल्या दिवशी भरायला लोणावळ्याला गेली होती. ती रविवारी सकाळी येणार होती, आणि घेऊन येणारा टेम्पो त्या रांगेत अडकला होता.

दुपारचं जेवण उरकून मी डबा धूत होते आणि धाडकन ब्रेकर पडला. आमचाच फीडर.

भाऊ मदतनिसाला घेऊन त्या बाजूलाच होते. जरा वेळानं त्यांचा फोन. "ताई, वस्तीच्या अलीकडं झाडाची फांदी पडलीया. तार तुटलीया, एक टोक लोंबतंय. द्या परमिट." मी दिलं. गाडा ओढला, कुलूप घातलं, गाठ मारली. "सांभाळून हां भाऊ." "व्हय व्हय. आता हितनं पुढं रेंज न्हाई. झालं की खाली येऊन करतो." फोन बंद झाला.

मग सुरू झालं. आधी एका बंगल्यातून. सुट्टीला आलेले पाहुणे, फ्रिजमधलं मटण, केव्हा येणार? मग हॉटेलवाला. मग पुन्हा बंगला. एक बाई फार गोड बोलल्या: "मॅडम, तुम्हाला फक्त बटणच दाबायचंय ना?" माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "हो, आणि एक माणूस तारेला हात लावून बसलाय. दाबू?" त्यांनी "अय्या" म्हणून फोन ठेवला. मी जरा जास्तच बोलले, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही.

त्यानंतर घरचा फोन आला. आत्याबाईच.

"गेली बग."

त्या दोन शब्दांत दोनदा थांबल्या. शिव्या नाहीत. 

मी टेम्पोवाल्याला फोन केला. "वैनी, गाडी हलतच न्हाई, मी काय उडून येऊ?" तो तरी काय करणार! पुन्हा घरी लावला. आता शेजारच्या भाऊजींनी उचलला. हे भाऊजी म्हणजे आमच्या वस्तीचा सगळ्या कामांचा माणूस. पंखा, मिक्सर, मोटार, काय बिघडेल ते त्यांच्याकडं. विहारातल्या कार्यक्रमांना माईक आणि लाईट बघायचं कामही त्यांचंच. आत्याबाईंना ते मावशी म्हणतात. त्यांची आई लहानपणीच गेली, आत्याबाईंनी त्यांना स्वतःच्या पोरांबरोबर जेवायला वाढलंय. "वैनी, मावशीचे ओठ निळं पडाय लागलेत," ते म्हणाले. "तुमी लाईट सोडा ना जरा! मशीनपुरती तरी!"

मशीनपुरती. अहो, लाईट काय ताटात वाढायची भाजी आहे, थोडी वाढू? ती सोडली तर सगळ्या लाइनीत जाते, आणि लाइनीवर भाऊ. मी म्हटलं, "भाऊ वर आहेत. सोडता येणार नाही."

"मंग मावशीचं काय?"

मी म्हटलं, "त्यांना उठवून बसवा, पुढं वाकवा, डॉक्टरांनी शिकवलंय तसं ओठ चंबू करून श्वास सोडायला सांगा. टेम्पो येतोय." मी हे सगळं अगदी शहाण्यासारखं बोलले. फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडले. गाठ हाताला लागत होती. किल्ली होती, कुलूप होतं, गाडा आत ढकलायला जेमतेम मिनिट लागलं असतं. मी खोटं बोलणार नाही, मी त्या कुलपाकडं बघितलं. मग भाऊंची लोखंडी पकड माझ्या डोळ्यांपुढं आली, पिवळ्या मुठीची, त्यांच्या कमरेला लटकणारी. आणि मी खुर्चीतून उठले नाही.

थोड्या वेळानं फोन वाजला. भाऊजीच, पण आवाजात दिवाळी.

"वैनी, काळजी सोडा! लाईट आली!"

मी पॅनलकडं बघितलं. गाडा बाहेर. कुलूप जागेवर. "कुठून आली?"

"अवो, आनली! इहारातला जनरेटर आनला आमी उचलून. मशीन चालू. मावशी बसलीया, ओठ बी सुदारलं!"

हा जनरेटर वस्तीनं वर्गणी काढून घेतलेला. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी वाचन असतं, लाईट गेली तर वाचन थांबू नये म्हणून. चार माणसांनी तो पावसात, चिखलातून, उचलून आमच्या दारात आणला होता.  "भाऊजी, तुमचे उपकार," एवढंच म्हणाले. मागं मशीनची घुरघुर ऐकू येत होती. जिवात जीव आला.

"अन गंमत सांगू?" भाऊजी हसत होते. "आबांच्या घरातबी बलप लागलाय! मिनमिन करतोय, पन लागलाय!"

आबा म्हणजे आमचे पलीकडचे म्हातारे शेजारी. त्यांचं घर वेगळं, मीटर वेगळा. त्यांच्या घरात बल्ब लागला हे ऐकलं आणि मी ताडकन उठले.

"भाऊजी, जनरेटर कशाला जोडलाय?"

"भिंतीतल्या पलगाला. जनरेटर दारात हाय, तितनं आत लांब पडत व्हतं. मंग वायरच्या दोनी टोकांना पिना लावल्या. एक जनरेटरला, एक भिंतीत. घरातली सगळी बटनं चालू!"

दोन्ही टोकांना पिना. आमच्याकडं ही युक्ती सगळ्यांना येते आणि सगळ्यांना तिचा अभिमान असतो. विहारात तसं करत नाहीत, तिथं वेगळा स्विच बसवलाय: एकतर गावची लाईट, नाहीतर जनरेटर, दोघांची गाठ पडत नाही. घरात तसं काही नाही. भिंतीत घातलेली वीज घरात थांबत नाही. ती मीटरमधून उलटी बाहेर पडते, खांबावर जाते, आबांच्या घरात जाते, आणि डीपीत शिरते. डीपीचं काम जोर उतरवण्याचं. पण उलट्या बाजूनं वीज घातली तर ती तितक्याच इमानानं जोर चढवते. घरातली साधी लाईट तिच्या पलीकडून निघते ती माणूस जाळणारी होऊन. आणि पलीकडं, वस्तीच्या अलीकडच्या झाडापाशी, त्याच तारेचं टोक लोंबत होतं. भाऊ ते जोडायला गेले होते.

त्यांनी लाइनीवर साखळी टाकलेली असणार हे मला माहीत होतं. चढायच्या आधी तारांवर साखळी टाकून ती जमिनीला जोडतात, म्हणजे चुकून वीज आलीच तर जमिनीत जाते. पण तार तुटलेली. साखळी सबस्टेशनच्या बाजूला टाकली असणार, कारण वीज येते ती सबस्टेशनकडून. वस्तीच्या बाजूनं वीज येते हे कुणाच्या मनात येईल? त्या बाजूला साखळी असती तर वीज तिथूनच जमिनीत गेली असती आणि आबांचा बल्ब लागलाच नसता.

"मेन स्विच पाडा!" मी ओरडले. "मेन पाडा आधी!"

"मेन कुटं हाय?"

कुठं होता! लोखंडी कपाटाच्या मागं. आत्याबाईंच्या मशीनला जागा करताना आम्हीच कपाट त्याच्यापुढं सरकवलं होतं.

"मग जनरेटर बंद करा. आत्ता. भिंतीतल्या पिनेला हात लावू नका, शॉक बसेल, आधी जनरेटर बंद करा!"

"वैनी, काय बोलताय? मावशीला आत्ता कुटं बरं वाटाय लागलंय."

"भाऊजी, ती लाईट लाइनीवर जातीय. भाऊ वर आहेत. मरतील ते!"

जनरेटरची धडधड चालूच. मला त्यांचा राग आला असं कुणाला वाटेल, पण तेव्हाही आला नाही. ज्या बाईनं त्यांना भाकरी घातली तिच्या नाकातली हवा मी त्यांना बंद करायला सांगत होते. त्यांचे पाय हलेनात. मी किंचाळत होते, आणि फोन स्पीकरवर होता.

मधूनच आत्याबाईंचा आवाज आला. "वर कोन चढलंय?"

"भाऊ," मी म्हटलं. "आपला वायरमन."

"बंद कर," त्या म्हणाल्या. मला नाही, भाऊजींना.

"मावशी, दम लागंल तुला."

"लागू दे. बंद कर म्हन्ते ना, मुडद्या!"

भाऊजी पळाले. मला फोनमधून सगळं ऐकू येत होतं. आधी जनरेटरची धडधड थांबली. मग मशीनची घुरघुर उतरत उतरत थांबली. मग त्याची शिट्टी सुरू झाली, टी टी टी, लाईट नसल्याची. आणि शिट्टीच्या खाली त्यांचा श्वास, दळण दळल्यासारखा, ओढून ओढून.

"आत्याबाई, मी आहे. बोलू नका. ऐकू येत असेल तर फोनवर बोट वाजवा."

टक.

"चंबू करा. हळूहळू सोडा. भाऊजी दुसरी वायर आणतायत." भाऊजींना मी सांगितलं होतं, भिंतीतली पिन उपटा, विहारातला माईकचा लांब बोर्ड आणा, मशीन थेट जनरेटरला लावा, भिंतीचा संबंध नको. ते विहाराकडं पळाले होते. पाऊस पत्र्यावर कोसळत होता. मी थोड्या थोड्या वेळानं विचारत होते, आहात ना? टक. आहात ना? टक. एकदा विचारलं आणि काही आलं नाही. पुन्हा विचारलं. नाही. मी देवाधर्माची बाई नाही, पण त्या क्षणी कुणाकुणाला हाका मारल्या ते आठवतही नाही. मग फार हळू, नखाचा नुसता स्पर्श व्हावा तसं, टक.

मग धावणारी पावलं, "धर, तिकडनं वढ", जनरेटरची दोरी ओढल्याचा आवाज, एकदा, दोनदा. धडधड. आणि मशीनची घुरघुर.

"आबांच्या घरात बल्ब आहे का?" मी विचारलं.

कुणीतरी बघून आलं. "न्हाई वैनी. अंधार."

आत्याबाई वाचल्या. पण भाऊ? मला ठाऊक नव्हतं आम्ही वेळेत थांबवलं की नाही. त्यांचा फोन रेंजबाहेर. भाऊजींना म्हटलं, धावत जा, बघा. ते तसेच, अनवाणी, चिखलातून पळाले. मी पॅनलसमोर बसले. साहेबांचा फोन आला, वरून दबाव आहे, किती वेळ लागणार. मी म्हटलं, "परमिट परत आल्यावर." "अहो, पण काम झालं असेल की." मी पुन्हा तेच म्हटलं. त्यांनी आवाज ऐकून पुढं काही विचारलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

शेवटी फोन वाजला, आणि पलीकडून संथ, ओला, चिडेल कुणी इतका संथ आवाज आला. "ताई, झालं काम. मानसं खाली. साखळ्या काडल्या. परमिट परत घ्या."

मी फोन कानाला घट्ट धरून ठेवला.

"ताई? घेतलं ना परत?"

"भाऊ, तुम्ही ठीक आहात?"

"मला काय धाड भरलीया? पन त्यो तुमचा भाऊजी तितं येऊन खांबाला मिठी मारून रडत व्हता. आमाला वाटलं, पिऊन आलाय."

मग त्यांनी सांगितलं. वस्तीच्या बाजूचं टोक उचलायला ते वाकले होते. लोंबणारं ते टोक पडलेल्या ओल्या फांदीला टेकलेलं. हात पुढं केला तर चर्र असा आवाज. त्यांनी हात मागं घेतला. लाईन बंद असताना तार चरचरतीय कशी, म्हणून नुसते बघत राहिले. जरा वेळात आवाज थांबला. मग त्या बाजूलाही साखळी टाकली आणि काम केलं. "मला वाटलं पावसाचाच आवाज असंल," ते म्हणाले. "एवडं काय न्हाई ताई."

मी परमिट परत घेतलं. गाठ आवळून बसली होती, शेवटी दातांनी सोडली. गाडा आत ढकलला, ब्रेकर लावला, आणि सगळ्या वस्तीची लाईट आली. कुणाचाही फोन आला नाही. लाईट आल्यावर येत नाहीच.

दुसऱ्या दिवशी मी घरी असताना भाऊ आले. दारात भाऊजी आधीच बसलेले, मान खाली. सकाळपासून त्यांनी चहा घेतला नव्हता. आत्याबाई नाकात नळी घालून कॉटवर बसलेल्या.

"हिकडं ये रं," त्या भाऊंना म्हणाल्या. "हात दाव."

भाऊंनी हात पुढं केले. आत्याबाईंनी ते आपल्या हातात धरले, उलटे केले, पालथे केले, एकेक बोट दाबून बघितलं. पोरगं मातीत खेळून आल्यावर बघतात तसं. भाऊ एवढे मोठे बाप्ये, पण हात सोडवून घेईनात. त्यांचे डोळे भरले होते.

मग आत्याबाईंनी भाऊजींकडं बघितलं. "अन तू काय सुतक पाळतोयस? तुज्यामुळं मी हाय. जा, कपाट सरकव आदी." त्या दोघांनी मिळून कपाट सरकवलं. मेन स्विच उघडा पडला. भाऊजींनी त्याच्यावर तांबड्या रंगानं मोठा बाण काढला. तो अजून आहे, आमच्या हॉलची शोभा घालवतो, पण पुसायची माझी हिंमत नाही.

पुढच्याच आठवड्यात लाईट पुन्हा गेली. वारा सुटला होता, ब्रेकर पडला, भाऊंनी परमिट घेतलं. मी ओढणीला गाठ मारली आणि फोन वाजला. घरचा. मागं मशीनची शिट्टी, टी टी टी. मी शिव्या ऐकायची तयारी केली.

"गेली का गं?"

"गेली, आत्याबाई. टाकी लावली का?"

"लावत्यात. वर कोन चढलंय?"

"भाऊच."

त्यांनी फोनवरच एक श्वास ओढला, सोडला.

"मंग त्याला म्हनावं, सावकाश कर. मी बसलीया हितं."